मधाच्या पाटीवरचा नंबर

काय खाल्लं म्हणालीस? झालर? गालिच्याची? — मग काय, खाणारच की. त्याला काय कळतंय कचरा कुठला आणि सासूने दोन हिवाळे डोळे फोडून विणलेली झालर कुठली. ठेव, इथे बाकावर ठेव, मांडीवर काय घेऊन बसलीस तान्ह्या पोरासारखं. हा बाक हलतो, पण पडत नाही, मी सकाळपासून बसलेय. — तर हे असं जमिनीवर फिरतं आणि झाडतं? आपलं आपण? आणि पायरीशी आलं तर? थांबतं? बघ, म्हणजे पायरी कळते आणि झालर कळत नाही. कोणी आणलं? दिराने? कोरियाहून? — हं. दीर तिकडे कारखान्यात राबणार, त्या कमाईतून वहिनीला आराम म्हणून झाडणारं यंत्र पाठवणार, आणि ते बिघडलं की काखोटीला मारून दुरुस्तीला कोण येणार? तर वहिनीच. केरसुणी कधी दुरुस्तीला न्यावी लागली होती का गं? नाही, मी तुला हसत नाहीये. मी दमलेय. दमलेलं माणूस कधीकधी हसल्यासारखं दिसतं.

तुझा टोकन नंबर कितवा? चौसष्ट? मग आहे अजून वेळ, आता कुठे त्रेपन्न चाललाय. माझा एकसष्ट. फोनचं काम असो की दुरुस्ती, इथे रांग एकच. घे, बोरसोक घे एक, सकाळीच पीठ मळून तळलेत, मऊ आहेत अजून. घे गं, त्या काउंटरवालीकडे बघू नकोस, ती काही बोलत नाही, तिला नखांमुळे बटणं दाबायलाच एवढा वेळ लागतो की आपल्याकडे बघायला तिला सवड नसते. — मला सांग, तुमच्या घरी तो टीव्ही आहे का, जो सुरू व्हायच्या आधी विचारतो? आमच्याकडे आहे. लावला की म्हणतो, आधी हे वाचा आणि मान्य करा. चाळीस पानं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, अहो, लग्नात तुम्ही मला एवढं काही विचारलं नव्हतं. आणि मान्य नाही म्हटलं तर? तर काळा पडदा. मग मान्य. सगळंच मान्य. आता तो काय काय ऐकतो न् कुणाला सांगतो, त्याचं त्याला माहीत; आमच्या घरात ऐकण्यासारखं उरलंय काय म्हणा, दोन माणसं आणि मधमाश्या. आणि फोन घ्यायला जा — एवढा मोठा खोका, आत फोन, आणि एक टाचणी. चार्जर नाही. टाचणी मात्र दिलीय, आठवणीने. मी दुकानदाराला विचारलं, बाबा, हे टोचायचं कुणाला?

आणि घड्याळ. ते तर विचारूच नकोस. मुलाने बापाला घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. आता आमचे हे उन्हाळाभर वर कुरणात, मेंढ्यांच्या मागे, दिवस उगवल्यापासून घोड्यावर. घड्याळाने मोजली घोड्याची पावलं. संध्याकाळी त्यांना शाबासकी — आज आपण एकतीस हजार पावलं चाललात, अभिनंदन, आपलं हृदय तरुण आहे. चालला घोडा, तरुण झाले हे. आणि खाली गावात आले की तेच घड्याळ दर तासाला मनगटाला गुदगुल्या करतं, उठा, हालचाल करा. चौसष्ट वर्षांचा माणूस चहा पिताना दचकतो, चहा दाढीवर. पण काढत नाहीत. मुलाने दिलंय ना. मुलगा बापालाच देतो, बापालाच फोन करतो. असू दे. मी काही म्हणत नाही.

मी? माझं काही बिघडलेलं नाही. हा बघ माझा फोन, बटणांचा, अठरा वर्षांचा आहे, दोनदा दुधात पडला, एकदा गायीने पाय दिला. चालतो. नंबर बंद करतायत माझा, म्हणून आलेय. निरोप आला होता या फोनवर पंधरा दिवसांपूर्वी, बारीक बारीक अक्षरात, मला वाटलं नेहमीसारखी जाहिरात, रोज येतात, तुम्ही मोटार जिंकलात, तुम्ही कर्ज जिंकलात. पुसून टाकला. काल शेजारणीने विचारलं, तुम्ही नाव बदलून घेतलंत का? कसलं नाव? तर म्हणे, ज्यांचे नंबर मेलेल्या माणसाच्या नावावर आहेत त्यांनी येऊन आपल्या नावावर करून घ्यायचे, नाहीतर कापणार आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार. शेवटचा दिवस कधी? उद्या. म्हणजे आज. सहा वाजता हे लोक दार लावतात. पहिली मिनीबस पकडून आले.

नवीन नंबर? हो, तीही म्हणाली, ती नखांवाली. आजी, नवीन घ्या, चांगला देते, शेवटी तीन सातं आहेत. तीन सातं घेऊन मी काय करू? — तसं म्हटलं तर गेला नंबर तर गेला. माझ्याकडे कोण फोन करतं? मधाचं गिऱ्हाईक, तेही वर्षात दोन-चार. मी एवढी धडपडत आले ते केवळ... पाटीवर लिहिलाय ना तो. रस्त्यावर, तळ्याकडून येताना उजव्या हाताला, निळी पाटी — मध, आणि खाली नंबर, पांढऱ्या रंगात, हा एवढाला एकेक आकडा. पुन्हा कोण रंगवणार? म्हणून. दुसरं काय.

ती काचेची खोली दिसतेय ना, कोपऱ्यात, दाराला निळा दिवा? तिथे जायचं. आत कॅमेरा. पासपोर्ट असा गालाला लावून धरायचा, कॅमेऱ्यात बघायचं आणि लिहून दिलंय ते वाक्य मोठ्याने बोलायचं. मी अमुक अमुक, तमुक तमुक यांच्या नावावरचा हा नंबर माझ्या नावावर करण्याची विनंती करते. झालं. मग आतलं यंत्र ऐकतं, कागदावरच्या नावाशी ताडून बघतं, आणि हो किंवा नाही म्हणतं. माणूस नाही तिथे, बाईचा आवाज आहे नुसता, फार गोड बोलते, नाही म्हणताना तर आणखीच गोड. तीन वेळा संधी. माझ्या दोन झाल्या. प्रत्येक वेळी नवं टोकन, नवी रांग.

कसं चुकतं म्हणजे? — तू सून आहेस ना गं? डोक्याला रुमाल आहे, म्हणून विचारते. किती वर्षं झाली? दोन? मग मला सांग, सासऱ्यांचं नाव घेतेस तू? बघ. बघ कशी लाल झालीस. मी काय वेगळी आहे का? एकेचाळीस वर्षं झाली मला त्या घरात येऊन. एकेचाळीस वर्षांत माझ्या तोंडून ते नाव गेलेलं नाही, ना त्यांच्यासमोर, ना त्यांच्या मागे, ना ते गेल्यावर. रडतानासुद्धा नाही. त्यांच्या नावाचं गावात दुसरं माणूस होतं, त्याला मी जन्मभर 'गिरणीवाला' म्हणत आले, गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली तरी. आणि हे आता म्हणतात, बोला.

पहिल्या वेळी गेले तर मी आपली सवयीने म्हणाले, आमच्या घरच्या थोरल्यांच्या नावावरचा नंबर. ती आतली गोड बाई म्हणते, नाव जुळत नाही. मी म्हटलं, पोरी, जुळेल कसं, तुला मी सांगितलंच नाही. समजावून सांगत बसले तिला. अशी अशी रीत आहे, तुझ्याही सासरी असेल. तिला सासर नाही गं, ती यंत्र आहे, मला बाहेर आल्यावर नखांवालीने सांगितलं. दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. कागद घेतला, त्यावर नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात — लिहिलेलं चालतं, लिहायला बंदी नाही — आणि नावाची जागा आली की गप्प बसून कागद वर धरला. असा. तर म्हणे, आवाज ऐकू आला नाही, पुन्हा प्रयत्न करा. पासपोर्ट आहे, त्यांच्या मृत्यूचा दाखला आहे, ग्रामपंचायतीचा कागद आहे तीन शिक्क्यांचा. सगळं आहे. फक्त तोंड चालत नाही.

तू बोलशील म्हणतेस? माझ्या बदली? — नाही बाळ, विचारलं मी तेही. चेहरा ज्याचा, आवाज त्याचाच पाहिजे. आणि ह्यांना बोलवायचं तर हे वर कुरणात, तिथे फोन लागत नाही, खाली यायला दीड दिवस. मुलगा तिकडे राजधानीत, बिश्केकला. त्याला मी... तो कामात असतो.

आणि मला हसू येतं बघ, हा नंबर मला दिला कोणी? त्यांनीच. सासऱ्यांनी. मोबाइल नुकते आले होते, गावात दोघा-तिघांकडे होते, आणि मला फार वाटायचं आपल्याकडे असावा. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, कुणाशी बोलणार आहेस, मेंढ्यांशी? म्हातारा कोपऱ्यात लगाम शिवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घातली, मिनीबसने इथे काराकोलला आला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि संध्याकाळी परत गेला तो हा फोन घेऊन. हाच. नंबर स्वतःच्या पासपोर्टवर, कारण माझा तेव्हा बदलायला दिलेला होता. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, सूनबाई, मधाचा धंदा तू बघतेस, तुझ्याकडे पाहिजे. एवढंच. मग स्वतःच पाटी रंगवली. त्यांना मी काय म्हटलं असेल? काही नाही. मान खाली घालून चहा ओतला. आपल्यात आभार असेच मानतात. कधी त्यांना नावाने हाक नाही, आणि आता पहिल्यांदा घ्यायचं, तर ते डब्यातल्या बाईपुढे.

तुझं म्हणणं खरं आहे, पाटी काय, पुन्हा रंगवता येते. एका दुपारचं काम. — पाटीसाठी नाही गं. नात आहे मला. मेरिम. आता आठ वर्षांची असेल. आहे, आठ पुरी झाली मार्चमध्ये. आकडे ती त्या पाटीवर शिकली. तीन वर्षांची होती, पाटीखाली उभी राहून काठी लावून एकेक आकडा म्हणायची, गाणं म्हणावं तसं, येणारी-जाणारी मोटार थांबवायची. एक ते दहा येत नव्हते, पण माझा नंबर येत होता. अजून येत असणार. लहानपणी शिकलेलं जात नाही. उद्या ती मोठी झाली, अठराची, वीसची, आणि तिला वाटलं की चला, आजीला फोन करू — तर कोण उचलेल? तीन सातंवाला कुणीतरी. म्हणेल, राँग नंबर. एवढंच माझं म्हणणं आहे. यासाठी मी इथे बसलेय.

करते ना, फोन करते. करायची. दर रविवारी सकाळी करायची पहिलं वर्षभर, गुपचूप. आजी, कोकराला शिंगं आली का? आजी, माझा पेला कुणी वापरत नाही ना? मग ते कमी कमी झालं. शेवटचा गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमधल्या नवरोजला आला होता, आणि तेव्हा बोलता बोलता तुटला. नेटवर्क. आमच्याकडे नेटवर्कचं काय सांगू तुला, वारा सुटला की जातं, बर्फ पडलं की जातं, आणि जाहिरातीत बघ, डोंगराच्या टोकावर उभा राहून तो पोरगा चित्रपट बघतो. कुठला डोंगर तो? मला दाखवा तरी. तुटला तो तुटला, मग पुन्हा नाही आला.

ते बिश्केकला गेले सगळे. मुलगा, सून, मेरिम. साडेतीन वर्षं झाली. — कामासाठी नाही. काम इथेही होतं. — तू बोरसोक खात नाहीस? खा. हातात धरून बसलीस. — बरं, सांगते. तुला सांगायला काय, तू कुठली, मी कुठली. ह्यांची साठी होती. घर भरलेलं, गावातले सगळे थोर बसलेले, ह्यांची मोठी बहीण वरच्या जागेवर, तिच्याशिवाय आमच्याकडे कुणी चमचा उचलत नाही. रस्सा तयार, सगळे खोळंबलेले, आणि हे कुठे? तर गोठ्याकडे, कुणाला तरी घोडा दाखवायला. सून स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत हात पिठात. शहरात शिकलेली पोरगी, पण कामाला वाघीण होती, ते मी नाकारत नाही. तिचा फोन फळीवर ठेवलेला. आणि तिने काय करावं? हात पिठात म्हणून फोनलाच मोठ्याने सांगितलं — अमक्याला फोन लाव. ह्यांच्या नावाने. तिच्या सासऱ्याच्या. आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी ऐकलं नाही असं केलं असतं. पण तो फोन, मेला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा उलटून बोलला — अमक्याला फोन लावत आहे. रशियन हेल काढून. नुसतं नाव. पुढे नाही, मागे नाही, नोकराला हाक मारावी तसं.

बायका रुमालाचं टोक तोंडाशी धरून हसायला लागल्या. आणि नणंद, ती मोठी, तिने ताटावरून मान वर केली आणि मला विचारलं, सायरकान, तुझ्या घरात आता असं चालतं का? — बस. एवढंच विचारलं तिने. पण मला जे झालं ना... सदतीस वर्षं मी त्या घरात जीभ दाताखाली धरून काढली. एकोणीस वर्षांची होते तेव्हा एकदा, एकदाच, अर्धं नाव निघालं तोंडातून, पहिलं अक्षर फक्त. तर सासूने चाळीस दिवस माझ्याशी अबोला धरला. पाणी मागायची तर भिंतीकडे बघून. ते सगळं मी गिळलं, आणि ही येते आणि फोनला सांगते. मी आत गेले. आणि मी तिला म्हणाले... मी म्हणाले, ज्या तोंडाने ते नाव घेतलंस, त्या तोंडाने या घरात जेवायचं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. तसंच म्हणायचं होतं मला, नणंदेला ऐकू जायला हवं होतं. हे परत आले, त्यांना कुणीतरी सांगितलं, तर हे हसले. म्हणाले, बरं झालं, एवढ्या वर्षांनी बायकांपैकी कुणी हाक तरी मारली. मुलगा म्हणाला, आई, तिने फोनला सांगितलं, माणसाला नाही. सगळे विसरायला तयार होते गं. नणंदसुद्धा रस्सा प्यायली. मी नाही विसरले. तिने कोपरापासून पीठ धुतलं, नीट, नखांतलंसुद्धा, आणि पाहुण्यांची भांडी आवरली, सगळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेरिमचे बूट मला दारात दिसले नाहीत.

साधं नाव. फोनला.

मी दिलगिरी? मी कशी, मी सासू. तिने यायचं असतं. सहा महिने मी रोज वाटेकडे डोळे लावून होते, की येईल, वाकून नमस्कार करेल, मी म्हणेन बरं बाई, चहा कर. ती आली नाही. मग मेरिमचे फोन सुरू झाले आणि मला वाटलं, ठीक आहे, नात तर आहे. — त्या नवरोजला काय झालं सांगू? नेटवर्क नव्हतं तुटलं. वारा नव्हता, बर्फ नव्हतं, स्वच्छ ऊन होतं, घंटीसारखं ऐकू येत होतं. मेरिम म्हणाली, आजी, आई इथेच आहे, शेजारी, ती विचारतेय बोलू का. आणि मला तिचा श्वास ऐकू आला. तिचाच, मी ओळखते, सहा वर्षं एका छताखाली होतो. आणि मी ते लाल बटण दाबलं. हे. बघ, रंग उडालाय त्याचा. मी दाबलं आणि ह्यांना सांगितलं, नेटवर्क गेलं. त्यांनी फोन घेतला, पाहिलं, चारही रेघा होत्या. फोन माझ्या हातात परत दिला. दीड वर्ष होत आलं, मी सगळ्यांना नेटवर्क गेलं म्हणूनच सांगतेय. या फोनवाल्यांच्या माथी आणखी एक, त्यांना काय, रोज शिव्या खातात.

साठ झाला? खरंच? मग माझाच आता. — नाही, उठते, गुडघा धरतो जरा. हात दे. एक काम करशील? ते दार आपोआप लागतं आणि आत मला गुदमरतं. तू बाहेरून धरून उभी राहा. धर, पण इकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ. आणि ऐकू आलं तरी ऐकलं नाहीस. तुझ्या सासूला सांगू नकोस की काराकोलला एक म्हातारी भेटली आणि... सांग, सांगितलंस तरी काय.

हं. पासपोर्ट. गाल. इकडे बघायचं ना, या काळ्या ठिपक्यात? — मी, सायरकान इसायेवा... थांब बाई, श्वास घेऊ दे. घाई कसली तुला. मी, सायरकान इसायेवा, ओस्मोनोव्ह... ओस्मोनोव्ह जुमादिल... यांच्या नावावरचा हा नंबर माझ्या नावावर करण्याची विनंती करते. — काय म्हणाली? मोठ्याने? हे मोठ्याने नव्हतं? पोरी, धर दार, लागतंय ते. — जुमादिल. ओस्मोनोव्ह जुमादिल यांच्या. जुमादिल यांच्या नावावरचा. माझे सासरे. त्यांनी दिला होता मला. जुमादिल.

हिरवं झालं. हिरवं म्हणजे झालं ना? विचार तिला. — झालं? माझ्या नावावर? आणि आता काही करायचं नाही? सही नाही, काही नाही? — बस जरा. तू पण बस. मला पाणी नको. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काय ते माहीत नाही, जीभ झडेल म्हण, निदान कुणीतरी वळून बघेल. तो माणूस बघ, त्याने फोनमधून मानसुद्धा वर केली नाही. काहीच झालं नाही गं. मी ते नाव घेतलं, एकदा नाही, पाच वेळा, आणि काहीच झालं नाही. वाईट ते आहे. एवढ्यानं काहीच होणार नव्हतं, तर मी त्या पोरीला कशासाठी घालवलं?

नाही, रडत नाहीये. डोळ्यांत त्या दिव्याची तिरीप गेली.

काय म्हणालीस? — तिचा नंबर? आहे. नाही असं कधी म्हणाले मी? मेरिम कुणाच्या फोनवरून करणार, आईच्याच. चोरून घ्यायची, आंघोळीला गेली की. इथेच आहे या फोनमध्ये, अगदी खाली, तिचं नाव मी घातलेलं नाही, नुसते आकडे आहेत. रोज बघते मी. तिने करायचा म्हणून मी केला नाही. साडेतीन वर्षं. वाट बघायला नंबर सांभाळत बसले, आणि दाबायला बोट नव्हतं. — नको, तू दाबू नकोस. दे इकडे. हे कुठलं, हिरवं? हिरवं.

वाजतंय.

तुझा चौसष्ट लागलाय बघ, ती हाका मारतेय. जा. मी ठीक आहे, तू जा. तुझं ते यंत्र उचल, आणि त्याला म्हणावं, झालरीचं राहू दे, नवी विणता येते. — अगं जा ना. अजून वाजतंय. माझ्याकडे बघत उभी राहू नकोस, जा, म्हणतेय ना.

नुरझात?